बाबा, साडेतीनला जाग येते तो आजार नाहीये

आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा माझी नाइट होती. पहाटे साडेतीनच्या सुमाराला वॉर्ड जरा शांत झाला म्हणून मोबाइल बघितला तर बाबा व्हॉट्सॲपवर ऑनलाइन, माझ्या पोटात गोळाच आला, म्हटलं आईला काही झालं की काय. मेसेज केला तर तुम्ही लिहिलंत "काय नाय गो, जाग इली". आणि काल आईकडून कळलं की हे रोजचंच झालंय आणि चार दिवसांपासून मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळीही चालू केलीय. फोनवर बोलायला गेलं की आई बरं बरं म्हणते आणि विषय बदलते, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आईला डोळ्याचा त्रास होतो.

आधी गोळीचं. हाडांच्या वॉर्डात माझी तीन वर्षं गेली. खुब्याचं हाड मोडून येणारी म्हातारी माणसं विचारलं की एकच सांगायची, रात्री लघवीला उठलो आणि तोल गेला, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या पिशवीत झोपेच्या गोळीची पट्टी असायची. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरांची जी संघटना आहे त्यांनी जपून द्यायच्या औषधांची एक यादी केलीय, त्यात पासष्टीच्या पुढच्यांना नेहमीच्या झोपेच्या गोळ्या शक्यतो देऊच नका असं स्पष्ट लिहिलंय, कारण पडणं, हाड मोडणं, डोकं गोंधळणं. आणि आपल्याकडे मागच्या पडवीतून दोन पायऱ्या उतरून न्हाणीत जावं लागतं, पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, मला ते डोळ्यासमोर येतं आणि इथे काम सुचत नाही. म्हणून उद्याच ती पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना दाखवा, चालू ठेवायची की बंद करायची आणि बंद करायची तर कशी हे त्यांनीच ठरवू दे. मेडिकलवाल्याला विचारून नको आणि माझ्या सांगण्यावरून पण नको.

आता जाग का येते ते. गेले दोन महिने नाइटमुळे माझीच झोप बिघडली होती म्हणून मी या विषयावर मिळेल ते वाचत बसले, आणि खरं सांगते, वाचताना सारखी घरची आठवण येत होती. आई नाही का सांगायचीस, तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नको, झाडं झोपलीत. १७२९ साली द मेरान नावाच्या एका फ्रेंच माणसाने लाजाळूचं रोप अंधाऱ्या जागेत ठेवलं, ऊन लागूच दिलं नाही, तरी ते सकाळी पानं उघडायचं आणि संध्याकाळी मिटायचं. म्हणजे उजेड दिसला म्हणून पान उघडतं असं नाही, झाडाच्या आतच वेळ चालू असते. आपल्या वईच्या कुंपणाजवळ उगवतं तेच लाजाळू गो. पुढे १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर या दोघांना केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटांमध्ये एक जीन सापडला, तो बिघडला की चिलटाचा दिवस लांबतो, आखडतो नाहीतर त्याला काही ताळतंत्रच राहत नाही. हे आतलं घड्याळ चालतं कसं ते ज्यांनी उलगडलं त्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. थोडक्यात सांगायचं तर पेशी एक प्रथिन बनवत जाते, ते भरपूर साठलं की तेच प्रथिन स्वतःचं बनणं थांबवतं, मग ते हळूहळू विरतं आणि परत बनायला लागतं, ह्या सगळ्या फेरीला साधारण एक दिवस लागतो. आपल्या अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत हे चालू असतं, आणि सगळ्यांना एका तालात ठेवायचं काम मेंदूतल्या मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान जागेतल्या वीसेक हजार पेशी करतात.

पण ते घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं. १९९९ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी माणसांना मंद उजेडात, बाहेरची वेळ कळणार नाही असं ठेवून मोजलं तर सरासरी २४ तास ११ मिनिटं आलं. माजघरातलं आपलं घड्याळ जसं रोज थोडं मागे पडतं आणि बाबा रेडिओ लावून ते जुळवायचे, तसं हे रोज जुळवावं लागतं आणि ते काम उजेड करतो.

बाबा, ह्यातलं एक तर तुमच्यासाठीच आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या कुर्ल्या (खेकडे) लॅबमध्ये नेऊन ठेवल्या, जिथे ना पाणी चढतं ना उतरतं, तरी त्या कित्येक दिवस भरती-ओहोटीच्या वेळेलाच हलायच्या आणि थांबायच्या. साधारण साडेबारा तासांचं घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. तुम्ही तिथीवरून बोटं मोजून भरती सांगायचात, रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे, आणि रापणीची जाळी ओढायला कधी निघायचं ते अलार्मशिवाय तुम्हाला कळायचं, मी अंथरुणातून बघायचे, तुम्ही अंधारात पाय न वाजवता उठायचात आणि कोयंड्याला हात लावायच्या आधी आईकडे बघायचात. अजून एक, २०२१ मध्ये अर्जेंटिनातल्या तोबा-कोम आदिवासींच्या मनगटाला पट्टे बांधून त्यांची झोप मोजली, तर पौर्णिमेच्या आधीच्या रात्रींना ते उशिरा झोपतात आणि कमी झोपतात असं निघालं, जिथे लाइट पोचलेली नाही तिथे तर जास्तच. उधाणाच्या दिवसांत झोप कमी लागते असं तुम्ही म्हणायचात ते मला भरतीचं टेन्शन वाटायचं, आता वाटतं त्यात चांदण्याचाही हात असेल.

तर आता हिशोब करूया. बाबा, तुम्ही आडवे कधी होता? आई म्हणाली सव्वाआठला जेवण आणि साडेआठला घोरायला सुरुवात. साडेआठ ते साडेतीन किती झाले? सात तास! पासष्टीच्या पुढे सात-आठ तासच लागतात. म्हणजे तुमची झोप मोडत नाहीये, ती पूर्ण होतेय, फक्त अख्खीच्या अख्खी अलीकडे सरकलीय. वय वाढलं की आतलं घड्याळ लवकरच्या बाजूला सरकतं, गाढ झोप कमी होते, मध्येच जाग येते, हे जगभर सगळ्यांचं होतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही आणि तो आजारही नाही. सात तास झोपून उठलेल्या माणसाला गोळी देऊन परत झोपवायचं म्हणजे काय हो. दिवसा बसल्या बसल्या डोळे मिटत असतील किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल तर ती गोष्ट वेगळी, तेही डॉक्टरांना सांगा. आई, तू रात्री लक्ष देऊन ऐक, घोरता घोरता मध्येच एकदम आवाज बंद पडतो का ते.

पहाटेपर्यंत झोपायचंच असेल तर ते घड्याळ जरा मागे ढकलावं लागेल, आणि त्यासाठी औषध नको, उजेड लागतो. संध्याकाळचा उजेड घड्याळ मागे ढकलतो आणि पहाटेचा पुढे ओढतो. तुम्ही करताय बरोबर उलटं, सहाला काळोख्या माजघरात जाऊन बसता आणि साडेतीनला डोळ्याला मोबाइल. म्हणून संध्याकाळी किनाऱ्यावर जा, सूर्य बुडेपर्यंत तिथेच वाळूत बसा, घरी आल्यावर लाइट लावून बाहेर अंगणात, खळ्यात गप्पा मारत बसा, आणि रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा करत साडेनऊ-दहापर्यंत आडवं होणं न्या. एवढं करूनही पहाटे जाग आलीच तर येऊ दे, पण मोबाइल नको.

आणि तो शेजारच्या होमस्टेचा फ्लडलाइट. गेल्या वेळी मी तुमच्या खोलीत झोपले तेव्हा रात्रभर भिंतीवर माडाच्या झावळ्यांची सावली हलत होती, आणि बरोबर तुमच्या उशीवर पांढरा पट्टा. बाबा, एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटींचं तुम्हाला सांगायला नको, बंदी असून त्या येतात आणि त्या उजेडाने खोल पाण्यातली मासळी वर ओढून नेतात, त्याच्या विरोधात तुम्ही मोर्च्याला गेलात. हा फ्लडलाइट तुमच्या झोपेचं तसंच करतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम बघणं नाही, दिवस आहे की रात्र ते मेंदूला कळवणं आहे. २००२ मध्ये त्या नीट सापडल्या, आणि त्या सगळ्यात जास्त निळसर उजेडालाच जाग्या होतात. पांढऱ्या एलईडीत तोच भरपूर असतो. शेजारच्यांशी भांडू नका, दिव्याचं तोंड खाली करता का एवढं विचारा, आणि खोलीतली ती पांढरी ट्यूब काढून रात्रीपुरता पिवळा बल्ब लावा.

आई, आता तुझं. तुझं उलटं आहे, "माका बारापर्यंत झोप लागणा नाय". मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि नेमका निळा उजेडच अडवतं, म्हणजे सकाळचं ऊन तुझ्या डोळ्यात जातं पण त्या पेशींपर्यंत कमी पोचतं. ऑपरेशननंतर काही लोकांची झोप सुधारल्याचं अभ्यासांत दिसलंय. तुझी नक्की सुधारेल असं मी सांगत नाही, पण तू दोन वर्षं पुढे ढकलतेयस, आता नको ना गो. तोपर्यंत सकाळी मासे साफ करायला न्हाणीजवळच्या काळोखात बसतेस त्याऐवजी खळ्यात उजेडात बस.

बाबांनी दुपारची वामकुक्षी सोडलीय म्हणे, कोणीतरी सांगितलं दिवसा झोपू नये म्हणून. चेन्नईत साडेचारशे लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. ती माणसं आठ तास अंथरुणात असायची पण झोप जेमतेम साडेपाच तास, गरमी, डास, गोंगाट, आपल्यासारखंच सगळं. त्यांची रात्रीची झोप सत्तावीस मिनिटांनी वाढवली तर कामात काही फरक पडला नाही, पण दुपारी अर्धा तास झोपू दिलं त्यांचं काम सुधारलं आणि मनही बरं राहिलं. तेव्हा जेवल्यावर अर्धा तास खुशाल पडा. फक्त चारला नको, आणि संध्याकाळची कोरी चायही बंद करा, तिचा अंमल पाच-सहा तासांनी जेमतेम निम्मा उतरतो.

बीपीची गोळी रात्रीच घ्यायची असा जो मेसेज फिरतोय त्याच्या नादी लागू नका. ब्रिटनमध्ये एकवीस हजार लोकांना पाच वर्षं बघितलं, २०२२ मध्ये निकाल आला, सकाळी घेतली काय आणि रात्री घेतली काय, हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसमध्ये फरक नाही. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला घ्या आणि चुकवू नका.

मी चतुर्थीच्या दोन दिवस आधी येतेय, कुडाळपर्यंतचं रिझर्वेशन झालंय. येताना तुमच्या खोलीला जाड पडदा शिवून आणते, आणि न्हाणीच्या पायऱ्यांना धरायला पाइप लावून घेऊ, वेल्डरला आताच सांगून ठेवा, गणपतीत कोणी मिळणार नाही. खिडकीचं माप टेपने घेऊन पाठवा, रुंदी आणि उंची दोन्ही, गेल्या वेळी फक्त रुंदी पाठवली होतीत.

तुमची,
बाय