वाट्यातले फुप्पुस तपासणार कोण?

महोदय,

यात्रांचा हंगाम आला की खानापूर, बेळगाव, चिकोडी, निपाणी भागात गावोगाव बकरी पडतात. ताडपत्री अंथरायची, कापायचे, वाटे घालायचे. वाट्यात मटणाबरोबर काळीज, वजडी आणि फुप्पुसही येते. ते फुप्पुस कोणीच तपासत नाही, एवढ्याचसाठी हे पत्र.

शेळ्या-मेंढ्यांच्या नाकाघशात पाश्चुरेला, मॅनहेमिया यांसारखे जिवाणू एरवीही असतात. टेम्पोत दाटीवाटीने, उपाशीतापाशी आणलेले जनावर खचते आणि हेच जिवाणू फुप्पुसात उतरतात. शिवाय कापताना अन्ननलिका आणि श्वासनलिका एकदमच तुटतात. शेवटच्या श्वासाबरोबर रक्त आणि पोटातला चोथा आत ओढला जाऊ शकतो. जनावर धडधाकट होते म्हणून त्याची श्वासाची नळी स्वच्छ असेलच असे नाही.

ओळखायला यंत्र लागत नाही. चांगले फुप्पुस गुलाबी, हलके, पाण्यात तरंगणारे. न्यूमोनिया झालेला भाग, बहुतेक वेळा पुढचा-खालचा, काळपट लाल आणि काळजासारखा घट्ट लागतो, तुकडा बुडतो. नळी चिरली तर फेस किंवा पू दिसतो. आमच्याकडे असा भाग काढून कुत्र्यांपुढे टाकतात (त्यातूनही रोग पसरतात, हा आणखी वेगळा विषय) आणि न धुता त्याच सुरीने पुढचे मटण तोडतात. चीड येते ती याची!

शिजवल्यावर जिवाणू मरतात, हे खरे. पण मटण तासन्‌तास उघड्यावर राहिले तर स्टॅफिलोकोकस जिवाणू त्यात विष तयार करतात आणि ते उकळूनही जात नाही. त्यात मटणाच्याच फळीवर कच्ची कोथिंबीर चिरली जाते.

2001 च्या केंद्रीय नियमांनुसार कत्तलखान्यात कापण्याआधी जनावराला 24 तास विश्रांती द्यावी लागते आणि पशुवैद्याने तासाला 12 पेक्षा जास्त जनावरे तपासायची नसतात. आमच्या ताडपत्रीपर्यंत यातले काही पोचत नाही.

यात्रेची तारीख तर आधीच ठरलेली असते. ग्रामपंचायतीने आदल्या दिवशी पशुवैद्यांना बोलवावे, नाक वाहणारी, धापणारी बकरी बाजूला काढावीत. नळी-फुप्पुसासाठी वेगळी सुरी आणि वेगळी पाटी ठेवायला खर्च तो कितीसा? खराब भाग खोल पुरावा. आणि याची पत्रके कन्नडबरोबर मराठीतही काढावीत, कारण सुरी धरणारे आणि वाटे घालणारे हात इथे दोन्ही भाषांचे आहेत.

एक वाचक, खानापूर तालुका