परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांना खुले पत्र: माझ्या भाचीने पुसलेली नऊ वर्षं

मा. मार्को रुबिओ,
परराष्ट्रमंत्री, अमेरिका

स.न.वि.वि.

मी मूळची सांगलीची. १९८९ साली विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आले, २०१० साली नागरिकत्वाची शपथ घेतली आणि आज न्यू जर्सीची मतदार आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने धाडली आहे. मराठीत ते अशासाठी लिहिते आहे की, ज्या घरांतली मुलं कर्ज काढून इकडे शिकायला निघतात, त्या घरच्यांनाही ते वाचता यावं.

मला माझ्या भाचीबद्दल सांगायचं आहे. ती २३ वर्षांची आहे. चौदाव्या वर्षापासून ती आधी फेसबुकवर आणि पुढे इन्स्टाग्रामवर मराठीतून लिहीत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा ती बारावीला होती. पाणी ओसरल्यावर ही मुलगी मोजपट्टी घेऊन घरोघर फिरली. भिंतीवर पुराची जी रेघ उमटते तिची जमिनीपासूनची उंची मोजायची, फोटो काढायचा, खाली घरच्यांचं म्हणणं लिहायचं. २००५ च्या पुराची रेघ कुठे होती ते म्हाताऱ्या माणसांनी भिंतीला हात लावून दाखवलं, तेही तिने टिपलं. २०२१ ला पुन्हा पूर आला, पुन्हा मोजपट्टी निघाली. धरणातून पाणी कधी सोडलं, इशारा कधी मिळाला, बोटी किती उशिरा आल्या, यावर तिने सरकारला कडक भाषेत प्रश्न विचारले. मधल्या काळात इतरही बरंच लिहिलं: आजीच्या हातच्या चकोल्या, कॉलेजच्या मेसमधलं भांडण, गाझातल्या मुलांवर चार ओळी, आजी गेली तेव्हाचा मोठा लेख. पुराच्या त्या नोंदींतूनच तिला पुढे पाण्याचा विषय घ्यावासा वाटला आणि त्याच बळावर इथल्या एका विद्यापीठाने तिला प्रवेश दिला.

१८ जून २०२५ ला आपल्या खात्याने जाहीर केलं की, विद्यार्थी व्हिसाच्या प्रत्येक अर्जदाराने समाजमाध्यमांवरची आपली सगळी खाती ‘पब्लिक’ करून ठेवावीत. अमेरिकेच्या नागरिकांबद्दल, संस्कृतीबद्दल, संस्थांबद्दल वैरभाव दिसतो का, हे अधिकाऱ्यांनी तपासायचं, असं वकिलातींना कळवल्याच्या बातम्या आल्या. वैरभाव कशाला म्हणायचं, हे अर्जदाराला कुणी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात, एका रात्रीत, भाचीने नऊ वर्षांचं लिखाण पुसून टाकलं. गाझावरच्या चार ओळी आधी गेल्या. मग पुराच्या नोंदी गेल्या, कारण तिथे सरकारवर टीका होती, आणि सरकारला जाब विचारणारी मुलगी, मग ते सरकार कुठलंही असो, खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला कशी वाटेल याचा भरवसा नव्हता. शेवटी आजीवरचा लेखही गेला. त्यात आणीबाणीत आजोबा तुरुंगात होते, एवढा एका वाक्याचा उल्लेख होता. सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, “आत्या, आता खातं रिकामं दिसतंय म्हणूनच संशय घेतला तर?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

तिला व्हिसा मिळाला. म्हणजे माझी तक्रार नाकारलेल्या व्हिसाची नाही.

आपलं सरकार आलं त्या दिवशी, २० जानेवारी २०२५ ला, राष्ट्राध्यक्षांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्य पूर्ववत करण्याचा आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी गुणवत्तेवर आधारित संधींचा. हे दोन्ही शब्द मला मोलाचे वाटतात. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत प्राध्यापकाच्या नोकरीसाठी अर्ज करताना विविधतेवरच्या आपल्या विचारांचं निवेदन जोडावं लागायचं. माणूस गणित कसं शिकवतो हे पाहण्याआधी त्याची मतं पाहायची, यावर आपल्या पक्षातल्या अनेकांनी आक्षेप घेतला. मला तो पटला होता. मित्रमंडळींत त्यावरून वाईटपणाही घेतला. एमआयटीने मे २०२४ मध्ये ती निवेदनं बंद केली तेव्हा मला बरं वाटलं.

आणि आता तेच व्हिसाच्या खिडकीवर चाललं आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. आधी मतं दाखव, मग तुझी लायकी बघू. फरक एवढाच की निवेदन मागणारं विद्यापीठ नको असेल तर माणूस दुसरीकडे अर्ज करू शकत होता. व्हिसाची खिडकी एकच असते. माझ्या भाचीची गुणवत्ता ज्या लिखाणात होती, तेच तिला आधी खोडावं लागलं.

२७ मे २०२५ ला आपल्या खात्याने विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या तारखा देणं थांबवलं, समाजमाध्यमांच्या छाननीची तयारी करायची म्हणून. दुसऱ्याच दिवशी आपण जाहीर केलं की, अमेरिकनांच्या बोलण्यावर सेन्सॉरशिप लादणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांना व्हिसा मिळणार नाही. ती दुसरी घोषणा मी मनापासून स्वागत करून वाचली असती, आदल्या दिवशीची वाचली नसती तर.

आम्हा मराठी माणसांना हा प्रश्न नवा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला आणि ते ‘लाइक’ केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या खटल्यात आमच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. त्या निकालात अमेरिकेचे न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचं भाषणस्वातंत्र्यावरचं १९२७ सालचं मत उद्धृत केलेलं आहे. पालघरच्या पोरींसाठी आमच्या न्यायालयाने आधार शोधला तो आपल्या देशात. त्या निकालाला दहा वर्षं झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ मार्च २०२५ ला, बोस्टनजवळच्या सॉमरव्हिलमध्ये तोंड झाकलेल्या, साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी टफ्ट्स विद्यापीठाच्या एका तुर्की विद्यार्थिनीला भर रस्त्यात ताब्यात घेतलं. वर्षभरापूर्वी तिने तिघांसोबत विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला होता. सहा आठवडे ती लुइझियानात कोठडीत होती. लेख मी वाचला आहे. गाझाच्या प्रश्नावरून विद्यापीठाच्या प्रशासनाशी घातलेला तो वाद आहे, सहमत व्हा अगर होऊ नका.

व्हिसा दिला तो शिकायला, विद्यापीठात चळवळ करून धुडगूस घालायला नाही, अशा अर्थाचं आपण त्याच सुमारास बोललात. धुडगूस घालणाऱ्यांबद्दल माझं दुमत नाही. ज्यू विद्यार्थ्यांना वर्गात जाताना अडवणं, धमकावणं हे गुन्हे आहेत आणि त्यांसाठी कायदे आहेत. ते कायदे लावा. नुसत्या बोलण्या-लिहिण्याला ते लागू होत नाहीत म्हणून तर आपण इतर काही विद्यार्थ्यांवर वेगळं कलम काढलंत. परराष्ट्रमंत्र्याने स्वतः ठरवलं की एखाद्या परकीयाची उपस्थिती परराष्ट्र धोरणाला बाधक आहे, तर त्याचं बोलणं पूर्ण कायदेशीर असूनही त्याला देशाबाहेर काढता येतं, असं ते कलम. या कलमाबद्दल न्यू जर्सीची रहिवासी म्हणून एक आठवण करून देते. १९९६ साली इथल्याच केंद्रीय न्यायाधीश मेरिॲन ट्रम्प बॅरी यांनी, विद्यमान राष्ट्राध्यक्षांच्या थोरल्या भगिनींनी, ते घटनाबाह्य ठरवलं होतं. कोणत्या वागण्याची शिक्षा होईल हे माणसाला आधी कळत नाही, आपली बाजू मांडायची संधी मिळत नाही आणि सगळी सत्ता एका व्यक्तीच्या हाती जाते, ही त्यांची कारणं. वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर. त्या कारणांना उत्तर अजून मिळालेलं नाही.

त्याहून जुना एक निकाल आहे. हॅरी ब्रिजेस हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचा पुढारी. त्याला कम्युनिस्ट ठरवून हाकलण्यासाठी सरकारने वर्षानुवर्षं खटपट केली. सर्वोच्च न्यायालयाने ती हाणून पाडली आणि लिहिलं की, या देशात राहणाऱ्या परकीयांनाही बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य आहे. निकालाची तारीख १८ जून १९४५. बरोबर ८० वर्षांनी, त्याच तारखेला, आपली खाती उघडी ठेवण्याची सूचना निघाली. आणि ३० सप्टेंबर २०२५ ला बोस्टनमध्ये न्यायाधीश विल्यम यंग यांनी, ज्यांना आपल्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलं होतं, बोलण्या-लिहिण्यावरून परकीयांना पकडण्याच्या, हाकलण्याच्या आपल्या धोरणाविरुद्ध निकाल देताना तेच पुन्हा सांगितलं: कायदेशीरपणे इथे असलेल्या परकीयांचं भाषणस्वातंत्र्य नागरिकांइतकंच आहे.

व्हिसाचा अर्जदार देशाबाहेर असतो, त्याला हे संरक्षण नाही आणि न्यायालयं त्यात सहसा पडत नाहीत, हे मी जाणते. पण जिला मुंबईत गप्प राहायला शिकवलं, ती विमानातून उतरून बोलायला लागेल अशी अपेक्षा कशी ठेवायची? १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्धाविरुद्ध मी मेणबत्ती घेऊन कॅम्पसवर उभी राहिले होते. परकी विद्यार्थिनीच होते मी. व्हिसाचं काय होईल, हा विचार मनाला शिवला नव्हता. माझी भाची फोनवर विषय निघाला की म्हणते, “आत्या, ते भेटल्यावर बोलू.”

आपले आईवडील १९५६ साली क्युबातून इथे आले. आपल्या आजोबांना १९६२ साली परत पाठवण्याचा आदेश निघाला होता, तरी त्यांना राहता आलं आणि नातवाला त्यांचा सहवास लाभला. कागदावरच्या एका ओळीवर घर कसं टांगलेलं असतं, हे आपल्या घराने पाहिलं आहे, म्हणून हे पत्र दुसऱ्या कुणाला न लिहिता आपल्याला लिहिलं.

कायदेशीर बोलण्या-लिहिण्यासाठी परराष्ट्र धोरणाचं ते कलम कुणावरही वापरणार नाही, असं आपण लेखी जाहीर करावं. एखाद्याला लिखाणावरून व्हिसा नाकारला, तर कोणत्या मजकुरावरून ते त्याला कळवावं. आणि खाती उघडी ठेवण्याची सूचना मागे घ्यावी.

आजीवरचा लेख मी आधीच छापून घेतला होता, तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुराचे फोटो तिच्या जुन्या फोनमध्ये सांगलीला आहेत. परवा प्राध्यापकांनी तिला प्रकल्पासाठी विषय विचारला तेव्हा तिने सांगलीच्या पुराचं नावच काढलं नाही. त्या नोंदी तिने पुन्हा लोकांसमोर ठेवल्या, धरणाच्या प्रश्नांसकट, तर तिच्या व्हिसाला धोका आहे का? हो किंवा नाही, एवढं उत्तर आपल्या कार्यालयाकडून मला लेखी हवं आहे.

आपली,
न्यू जर्सीतील एक मतदार