सिऱ्हॉसिसचे मृत्यू कागदावर हरवतात

मा. संपादक,
स.न.

यकृताच्या सिऱ्हॉसिसने (यकृतात व्रण साठून ते कडक व निकामी होण्याच्या आजाराने) १९९० साली जगभरात सुमारे ९ लाख माणसे दगावली, २०१७ साली १३ लाखांहून अधिक. याच काळात वयानुरूप मृत्युदर (लोकसंख्येतील वयाचा फरक वगळून काढलेला दर) मात्र लाखामागे २१ वरून साडेसोळावर आला. दोन्ही खरे आहे. लोकसंख्या वाढली आणि तिचे वयही.

भारताचा कल सांगताना अडचण आधीच येते. २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. त्यातही अनेकदा ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ (हृदय व श्वास थांबणे) एवढेच लिहिलेले असते. ते कारण नव्हेच. रक्ताची उलटी होऊन रुग्ण गेला, तर नमुना ४ मध्ये (रुग्णालयातील मृत्यूचे कारण प्रमाणित करण्याच्या अर्जात) पहिल्या ओळीत अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव, दुसरीत पोर्टल हायपरटेन्शन (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला वाढलेला दाब), तिसरीत सिऱ्हॉसिस आणि तो कशामुळे, हे यायला हवे: दारू, हिपॅटायटिस बी, सी, की फॅटी लिव्हर. दारूचा उल्लेख असेल तर आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला संकेतांक के७०, नुसते ‘सिऱ्हॉसिस’ लिहिले तर के७४. विमा नाकारला जाईल या भीतीने नातेवाईक गळ घालतात आणि नेमका ‘दारू’ हाच शब्द गळतो.

हिपॅटायटिस बीची लस २०११ पासून देशभर दिली जाते. मृत्यूंवरचा तिचा परिणाम पुढच्या काही दशकांत दिसेल, पण कारण लिहिले तरच. हा नमुना बहुधा रात्रपाळीचा निवासी डॉक्टर घाईत भरतो. त्याला तासाभराचे प्रशिक्षण द्यावे आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी प्रत्येक नमुना केसपेपरशी ताडून पाहावा.

– एक यकृतरोगतज्ज्ञ, पुणे