शनिवार-रविवारच्या ड्यूटीबद्दल

सर्व प्रमोटर मंडळींनो, येत्या शनिवारी आणि रविवारी सकाळी १०:३० ला आपापल्या स्टोअरमध्ये युनिफॉर्म आणि आयकार्डसह हजर राहा. काउंटर लावून झाला की लगेच फोटो ग्रुपवर टाका. मागच्या खेपेला एका फोटोत टेस्टरची बाटली उघडी आणि स्टँडी (जाहिरातीचा उभा फलक) भिंतीकडे तोंड करून उभी होती! तसं नको.

– विक्री आणि शिल्लक स्टॉक रात्री ८ पर्यंत कळवा. काहीच विकलं गेलं नसेल तर शून्य लिहा, अंदाजे आकडा नको. स्टोअरच्या बिलांशी ताळा जुळला नाही, तर इन्सेंटिव्ह अडकतो आणि मग तो सोडवताना माझ्या नाकीनऊ येतात.
– सुट्टी हवी असल्यास गुरुवारपर्यंत सुपरवायझरला फोन करा. आपापसात परस्पर ड्यूटी बदलू नका.
– ग्राहकासमोर दुसऱ्या ब्रँडला नावं ठेवू नका.