मधला तुकडा

प्रिय श्याम,

चार महिन्यांत तुझ्या तीन मेसेजना मी नुसते अंगठे पाठवले. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी, शुगर काठावर, आई ठणठणीत.

ओमचं गॅदरिंग आहे. चौघं मिळून वाजवणार, हा गिटारवर, आणि गाणं म्हणे आपल्या क्वीन बँडचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. मी सुचवलेलं नाही, आईशपथ. दोन दिवस मी हवेत होतो. मग शाळेतून निरोप आला, प्रत्येकाला तीनच मिनिटं. कार्ट्यानं जेवता जेवता मोबाइलवर गाणं कापलं. मधला ऑपेराचा तुकडा साफ उडवला. वर मला म्हणतो, “बाबा, ते गॅलिलिओ-बिस्मिल्ला कुणाला कळतं?”

घास हातातच राहिला. मग सुरू झालो मी, तुला माहितीच आहे कसा होतो ते. अरे, १९७५ साली कंपनीवाले हेच म्हणत होते, ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं रेडिओवर लावणार कोण? पण क्वीनवाल्यांनी कात्री लावू दिली नाही. कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेटला एक प्रत दिली, तीसुद्धा ‘लावायची नाही हं’ असं बजावून. पठ्ठ्यानं दोन दिवसांत १४ वेळा लावली. ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिला नंबर! आणि कार्ट्या, तू जो तुकडा उडवलास ना, त्यात फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांचेच आवाज एकावर एक इतके चढवलेत, की टेपवरचा लेप झिजून ती उजेडात धरली की आरपार दिसायला लागली होती. शिवाय हा फ्रेडी आपल्या पाचगणीच्या बोर्डिंगात शिकलेला. तू आणि मी पसरणी घाट सायकलनं चढून त्या शाळेच्या गेटासमोर उभे राहिलो होतो, हेही सांगितलं. (तू अर्ध्या घाटात रडला होतास हे नाही सांगितलं.)

ओम शांतपणे म्हणाला, “पण बाबा, तीन मिनिटंच आहेत.” आणि भात कालवायला लागला.

तो भांडत का नाही, याचंच मला लागून राहिलं. शाळेत जाऊन बाईंना चार शब्द सुनवावेत म्हणून चप्पलही घातली होती. जिन्यात पाय अडला, कारण ९२ चं आपलं गॅदरिंग आठवलं.

श्याम, तुझी टेप गुंतली नव्हती.

तू अप्पांचा पांढरा बनियन घालून, छत्रीचा दांडा माइकसारखा धरून उभा. मी पडद्यामागे टेपरेकॉर्डरपाशी. सावंत सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली, बस, एवढंच. ऑपेरा सुरू होतो ना, नेमकं तिथं मी स्टॉपचं बटण दाबलं. तू ओठ हलवत राहिलास आणि हॉल हसला. नंतर मी कॅसेटमध्ये पेन्सिल घालून टेप गुंडाळायचं नाटकसुद्धा केलं. घरी जाऊन तू ती कॅसेट फेकून दिलीस. तुझ्या मामेभावानं पुण्याहून भरून आणलेली, चांगली होती रे ती. सरांनी तोंडानं काही सांगितलंच नव्हतं. मीच घाबरलो.

पक्याला माहीत आहे. त्यानं इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं म्हणजे कमालच, नाहीतर त्याच्या पोटात तीळ भिजत नाही.

शनिवारी कार्यक्रम आहे. ओमला अजून हे सांगितलेलं नाही. कापलेलं गाणं त्यानं मला परवा ऐकवलं. जोड कळतसुद्धा नाही, हेच जास्त टोचलं.

तुझा गुडघा कसा आहे? सईच्या ॲडमिशनचं झालं का? वहिनींनी पाठवलेलं लोणचं संपलं, बरणी परत करायची राहिली आहे.

तुझा,
विन्या

ता. क. अमेरिकेत ते गाणं कधीच पहिलं आलं नाही. ७६ साली नववं, ९२ साली दुसरं, आणि तेव्हा पहिलं कोण होतं? उलट्या पँटी घालणारी क्रिस क्रॉसची दोन पोरं. मिसळीची पैज मी जिंकलोय. पण आता मागायला तोंड नाही, तेव्हा फिट्टंफाट समज.