चिमणीच्या पाइपाला जाळी कोण लावणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी डोंबिवलीत घरून पोळी-भाजीचे डबे देते. सकाळ-संध्याकाळ फोडण्या, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या चिमणीशिवाय माझं पान हलत नाही. यंदा एप्रिलात तिच्या पाइपात साळुंकीने संसार थाटला. बाहेरच्या भिंतीतलं सहा इंची तोंड उघडंच होतं. चिमणी बसवणाऱ्याला मी बसवतानाच जाळीचं विचारलं होतं. "मॅडम, जाळीला तेल धरतं, ओढ कमी होते," म्हणाला आणि पैसे घेऊन गेला.

आतून चिवचिव ऐकू आल्यावर त्यालाच फोन केला. "फुल स्पीडवर लावा, उडून जातील!" हा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून हे पत्र. मोठी साळुंकी उडेल हो, पण पिल्लं कुठे जाणार? ती तिथेच गरम तेलकट वाफेत गुदमरणार. पाइप तुंबला की मोटर घरघरणार. पाइपाला आतून तेलाचा थर, त्यावर वाळलेलं गवत आणि खाली पेटता गॅस, म्हणजे आगीला निमंत्रणच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं येतं. हे ना बसवणाऱ्याला ठाऊक, ना सोसायटीच्या कमिटीला.

साळुंकीची अंडी उबवण्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे जातात. तेवढे दिवस चिमणी बंद ठेवली. फोडणी खिडकीजवळच्या शेगडीवर, पाठीमागे टेबल फॅन. ठेचा आणि मिरचीची भाजी डब्यातून रद्द. तरी मजल्यावर ठसका लागायचाच. शेजारच्या काकूंनी "पाखरं तुमची, खोकला आमचा" असं ऐकवलंही.

पिल्लं उडाली की लगेच साफसफाई करावी, कारण साळुंकी त्याच घरट्यात दुसऱ्यांदा अंडी घालू शकते. आधी घरट्यावर पाणी शिंपडावं, तोंडाला मास्क, हातात मोजे; वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीत जाणं बरं नव्हे. आमच्या पाइपातून गवत, सुतळी, उदबत्तीच्या पुड्याचा कागद, वेफर्सची चकचकीत पिशवी असं काय काय निघालं, सगळं तेलात चिकटलेलं. अंगाला खाज सुटवणारे बारीक किडे निघाले ते वेगळेच. पाइप धुण्याच्या भानगडीत न पडता नवा घातला.

जाळीला तेल धरतं हे खोटं नाही, पण ते मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीला. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची तारेची जाळी सहसा तुंबत नाही आणि तिच्यातून चिमणपाखरूही आत शिरत नाही. झडपांचं झाकण मिळतं, पण ते तेलाने उघडंच चिकटून बसतं. मला जाळीच बरी वाटते. पाइप जोडण्याआधी ती घरातूनच आत सारून बसवता येते. नंतर करायचं म्हटलं तर चौथ्या मजल्यावर दोरीवर लटकणारा माणूस शोधा, त्याची मजुरी द्या. म्हणूनच चिमणी विकणाऱ्यांनी जोडणीच्या खर्चातच जाळी धरावी आणि सोसायट्यांनी जाळीशिवाय भिंतीला भोक पाडू देऊ नये.

गॅस गिझरची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या धुराच्या पाइपात किंवा न्हाणीघराच्या झरोक्यात घरटं दिसलं, तर गिझर त्याच क्षणी बंद करावा आणि पिल्लं उडून पाइप मोकळा होईपर्यंत पाणी चुलीवर नाहीतर विजेवर तापवावं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. माणूस आंघोळ करता करता कोसळतो.

आणि ज्यांच्या चिमणीतून आत्ता चिवचिव येतेय, त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावून ठेवावी. घरातलं कुणीतरी सवयीने ते दाबतंच.

आपली,
डबे देणारी एक गृहिणी,
डोंबिवली (पूर्व)