परवा फोन मीच कट केला

प्रिय चिऊ,

परवा फोन कट झाला तो रेंज गेली म्हणून नाही, मीच केला. नंतर तू तीनदा लावलास तेही बघितलं आणि उचलला नाही. बाबांनी तुला सांगितलं की आई नाइटला गेली, पण मी घरीच होते, ओट्याजवळ उभी होते आणि शिट्ट्या मोजायच्या विसरले, डाळ पूर्ण खाली लागली. बाबा काही न बोलता तीच डाळ जेवले.

तू विचारलंस, "आई, मी अवयवदानाचं कार्ड केलंय, माझ्यावर तशी वेळ आली तर तू हो म्हणशील ना? बाबा काही बोलणार नाहीत, सगळे तुलाच विचारतील." बरोबरच विचारलंस ग. पण रात्री साडेनऊ वाजता, तेही मागे गाड्यांचे हॉर्न वाजत असताना! तू रस्त्यावर होतीस. गाडी बाजूला लावून बोलत होतीस की खांद्यात फोन धरून चालवत होतीस हे मला अजून माहीत नाही. ते आधी सांग.

फोनवर मला सरळ बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले. तुला ओरडायचं नाही असं ठरवून बसलेय.

चूक माझीच आहे, कारण आमच्या हॉस्पिटलच्या मामांची बातमी तुला मीच सांगितली. त्या रात्री स्टाफच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज येत होते, सगळे हात जोडलेले, आणि मला कोणाशी तरी बोलायचं होतं म्हणून तुला रात्री दोनला उठवलं. पण तेव्हा अर्धंच सांगितलं होतं. आता पूर्ण सांगते.

आपले मामा तुला माहीत आहेत, तुझ्या अपेंडिक्सच्या वेळी तुला ऑपरेशनला ओटीत नेताना "घाबरायचं नाही बाई, मी हाय" म्हणणारे. सतरा वर्षं आमच्या आयसीयूत स्ट्रेचर ओढतायत. जूनमध्ये त्यांचा मुलगा आमच्याकडेच आला. बावीस वर्षांचा. रिंग रोडवर बाईक घसरली, डोकं डिव्हायडरवर आदळलं. बाकी अंगावर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं, बघून वाटायचं झोपलाय. आणि हेल्मेट होतं ग चिऊ. हातात अडकवलेलं होतं. त्याच्या मित्राने ते आणून मामांच्या हातात दिलं, एक ओरखडा नाही, काचेवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मामा चार दिवस ते मांडीवर घेऊन आयसीयूच्या बाहेर बसून होते. पुण्यात हेल्मेट कोणी घालत नाही आणि सगळे हसतात असं तू म्हणालीस ना, हसू देत त्यांना.

बघ, ओरडायचं नाही म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी टेस्ट केल्या. हे तुला नीट माहीत असू दे, कारण तुझ्या त्या कार्डावर यातलं काही लिहिलेलं नसतं. कोमा वेगळा आणि ब्रेन डेथ वेगळी. कोमातला माणूस परत येऊ शकतो, ब्रेन स्टेम, म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा देठ, गेल्यावर कोणीच येत नाही, मशीन आहे तोवर छाती हलते, हृदय चालतं, हात गरम लागतो, म्हणून घरच्यांना पटत नाही आणि पटणार तरी कसं. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांची पॅनेल लागते, त्यात ट्रान्सप्लांटच्या टीमचं कोणी नसतं, आणि सगळ्या टेस्ट सहा तासांच्या अंतराने परत करतात. डोळ्यात टॉर्च मारतात, कापसाची वात बुबुळाला लावून बघतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात. शेवटी अ‍ॅप्निया टेस्ट. व्हेंटिलेटर काढायचा, नळीतून नुसता ऑक्सिजन सोडायचा आणि पोटावरची चादर दूर करून आठ-दहा मिनिटं बघत उभं राहायचं, श्वास घेतो का. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो, तो इतका चढला की जिवंत मेंदू गप्प बसूच शकत नाही. मी इतक्या वर्षांत कितीदा तिथे उभी राहिलेय आणि दरवेळी मनात म्हणते घे रे बाबा, एक घे. त्या दिवशी मी हे तोंडाने म्हटलं, डॉक्टरांनी वळून बघितलं.

दुसऱ्या टेस्टनंतर डॉक्टरांनी मामांना सांगितलं. मग अवयवदानाच्या कोऑर्डिनेटर मॅडम आल्या. विचारायचं काम त्यांचं असतं, आम्ही सिस्टर लोकांनी मध्ये बोलायचं नसतं. पण मामा माझ्याकडे आले. "सिस्टर, तुमी सांगा, तुमी सांगसान ते खरं." सतरा वर्षांत किती जणांना त्यांनी त्या कॉरिडॉरमधून नेलं होतं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी एवढंच म्हटलं, मामा, दोन्ही वेळा मी तिथे होते, त्याने श्वास घेतला नाही. ते "बरं" म्हणाले आणि बायकोकडे गेले.

ती आधी म्हणाली बाकी सगळं घ्या, डोळे नको, पुढच्या जन्मी आंधळा येईल. कोणी जबरदस्ती केली नाही, कोऑर्डिनेटर मॅडमनी फॉर्मवर डोळ्यांपुढे रेघ मारली. अपघाताची केस, म्हणजे पोलीस, त्यांचं एनओसी, पोस्टमॉर्टेमची तजवीज, त्यात बारा तास गेले. तोपर्यंत अवयव खराब होऊ नयेत म्हणून त्याला मेंटेन करायचं होतं. बीपी सारखं पडतं, युरिनच्या पिशव्यांवर पिशव्या भरतात, अंग गार पडत जातं, वॉर्मर लावावा लागतो. माझी ड्युटी संपली होती, मी गेले नाही. आम्ही तिघी थांबलो. मी त्याच्या डोळ्यांत थेंब टाकून पापण्यांवर ओला गॉज ठेवत होते, आई नको म्हणाली होती तरी, सवयीने.

पहाटे साडेचारला ओटीत घ्यायचं ठरलं. कोणी ग्रुपवर टाकलं माहीत नाही, पण कॉरिडॉर दोन्ही बाजूंनी भरला. आयसीयू, कॅज्युअल्टी, लॅब, किचनवाल्या मावशी, गेटवरचे सिक्युरिटीवाले, लाँड्रीचा पोरगा चादरींचं गाठोडं डोक्यावर घेऊन येत होता, त्याने ते हळूच खाली ठेवलं आणि भिंतीला लागून उभा राहिला. दुसऱ्या वॉर्डच्या ब्रदरने स्ट्रेचरला हात लावला तर मामा म्हणाले, "सोड, मीच नेतो." आणि नेलं ग त्यांनी. नेहमीसारखंच, डोक्याकडून धरून, वळणावर जरा थांबून, लिफ्टचं बटण स्वतः कोपराने दाबून, सलाइनचा स्टँड आपटू नये म्हणून एका हाताने सांभाळत. ओटीच्या दारात ती बाई एकदम पुढे आली आणि म्हणाली, "डोळेही घ्या. माह्या पोराले कधी चष्मा नव्हता."

दोन्ही किडन्या, लिव्हर आणि डोळे गेले. लिव्हर शहरातल्याच दुसऱ्या हॉस्पिटलला, पोलिसांनी सिग्नल थांबवून ग्रीन कॉरिडॉर केला. किडनी चोवीस तास आणि वरही टिकते, लिव्हरला एवढा वेळ नसतो, आणि हृदय तर चारेक तासांत बसवावंच लागतं.

चौदाव्या दिवशी मामा ड्युटीवर आले. मुलगा होता त्या सहा नंबर बेडला त्यांना पाठवायचं नाही असं आम्ही न बोलता ठरवलंय. स्टाफमध्ये बरंच बदललं. आधी आमच्याकडेच कितीतरी जण म्हणायचे, आपण दुसऱ्याला सांगतो पण आपल्या घरात नको. ३ ऑगस्टला अवयवदान दिनाचा कार्यक्रम झाला, १९९४ साली त्याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण यशस्वी झालं म्हणून तो दिवस धरलाय. दरवर्षी पोस्टर लावतात, भाषण होतं, समोसा खाऊन लोक कामाला जातात. यंदा फॉर्म कमी पडले. लाँड्रीच्या पोराने भरला. मामांनी आणि त्यांच्या बायकोने भरला. मी नाही भरला. मी फॉर्म वाटत होते ना, कोणी विचारलंही नाही.

आणि आता हे फक्त तुला सांगते, कोणाला बोलू नकोस, कामठीच्या मावशीला तर अजिबात नाही. डोनरची एक किडनी त्याच हॉस्पिटलच्या यादीतल्या पेशंटला मिळते आणि दुसरी झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागात अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीने जाते. म्हणजे एक आमच्याकडेच राहिली. नाव सांगायचं नसतं, इकडचं तिकडे नाही आणि तिकडचं इकडे नाही, नियम आहे आणि चांगला नियम आहे. पण गेल्या आठवड्यात मी लिफ्टपाशी उभी होते तर मामा व्हीलचेअर ढकलत आले, फॉलोअपचा पेशंट, तोंडाला मास्क, लॅबला रक्त द्यायला नेत होते. मी बघितलं आणि मला कळलं कोण आहे ते. मामा त्याला म्हणत होते, पाय आत घ्या, चाकात अडकन. पेशंटने पाय आत घेतले. लिफ्टचं दार बंद झालं. मला फाइल घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं आणि मी जिन्यात बसून राहिले. मामांना माहीत आहे की नाही, मी विचारणार नाही. त्यांना सतरा वर्षं झालीत, कोणता पेशंट कुठून आला हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

तू फॉर्म का भरलास तेही मला कळलंय. आत्या. तू सहा वर्षांची होतीस, शाळेतून तुला थेट डायलिसिसला आणायचे कारण घरी कोणी नसायचं, तू मशीनच्या बाजूला स्टुलावर बसून पारलेजीचा पुडा संपवायचीस आणि आत्याच्या हाताला हात लावून म्हणायचीस की इथे मशीन गुरगुर करतंय. आठवड्यातून तीनदा, अडीच वर्षं. बाबा किडनी द्यायला तयार होते, तपासणीत शुगर निघाली, त्याचं त्यांना अजूनही लागतं म्हणून त्या विषयावर ते गप्प असतात, तुला वाटतं त्यांना काही वाटत नाही. यादीत आत्याचं नाव होतं. एकदा रात्री फोन आला, बॅकअप म्हणून या, आम्ही ऑटोने गेलो, तिने नवी साडी नेसली होती. सकाळी सहाला सांगितलं की पहिल्या पेशंटला जमलं, तुम्ही जा. येताना तिने टपरीवर अर्धा कप चहा घेतला, पाणी मोजून प्यायचं असायचं तिला, आणि म्हणाली, "ज्याला मिळाली त्याचं तरी बरं झालं." तीन महिन्यांनी गेली.

म्हणून तुझा अभिमान वाटतो मला. तू कार्डाचा फोटो टाकलास तेव्हा पहिल्यांदा तोच वाटला, खरंच, मी स्टाफरूममध्ये दाखवलाही. मग तू प्रश्न विचारलास आणि मला तू त्या सहा नंबरवर दिसलीस. डोळ्यांवर ओला गॉज. वेणी कोणी सोडलेली. मी दुसऱ्यांच्या आयांना बावीस वर्षं पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाटायचं मला त्यांचं कळतं. काही कळत नव्हतं.

कार्ड तर सगळ्यांनीच करावं. तुझं वय चोवीस आहे म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. तू रात्री अकराला हिंजवडीहून वाकडला गाडीवर येतेस, पावसात, खड्ड्यांतून, कॅब महाग पडते म्हणून. कॅबचे पैसे मी देते. सिरियसली देते, दर महिन्याला टाकते, बाबांना विचारायची गरज नाही. आणि हेल्मेट घेतलंस तर आयएसआयचं घे, रस्त्यावरची ती टोपी नको, आणि बेल्ट लाव ग, बेल्ट न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी उडून जातं, हे मी दर आठवड्याला बघते. मागे मैत्रीण बसली तरी तिलाही घालायला लाव.

झालं परत सुरू. सॉरी. तू मोठी आहेस, कमावतेस, तुला सगळं कळतं. पण आयसीयूत येणारे सगळेच कळणारे असतात.

दादासोबत तू जो कागदाचा फॉर्म पाठवला होतास, फॉर्म ७, तो दोन महिने माझ्या कपाटात आजीच्या पाटल्यांच्या डब्याखाली होता. त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. तुझं ऑनलाइन झालंय, त्यामुळे या कागदाची गरज नाही असं दादा म्हणाला. तरी तू पाठवलास म्हणजे तुला माझी सही हवी होती. काल रात्री केली. माझाही भरला, त्यावर बाबांनी साक्षीदाराची सही केली, चष्मा लावून पूर्ण वाचून, दोनदा, आणि पेनचं टोपण लावून परत माझ्या हातात दिलं. फॉर्म असला तरी शेवटी घरच्यांनाच विचारतात. तू विचारलंस ना मी काय म्हणेन. मी हो म्हणेन. लिहून देतेय कारण फोनवर मला ते म्हणता येणार नाही, आणि तू परत विचारू नकोस.

पोळ्याला येतेयस का ते कळव. पुडाच्या वड्या करते, सांभार, म्हणजे तुमच्या पुण्याची कोथिंबीर, चांगला येतोय सध्या. रविवारी माझी मॉर्निंग आहे, तीननंतर फोन कर. घरी पोचून कर, गाडीवरून नको.

तुझी,
आई